अमावस्येच्या शर्यतीचा ट्रक

सत्तरच्या दशकात सोलापुरात मोटारी बाळगणाऱ्या लोकांचा एक क्लब होता. त्यात गिरण्यांमधले साहेब, काही डॉक्टर, वकील आणि पश्चिमेकडच्या तालुक्यांतले ऊसवाले बागायतदार होते. मी त्यात कुठेच बसत नव्हतो. ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, मग ड्रायव्हर झालो, आणि पुढे लष्कराच्या लिलावातल्या जुन्या गाड्या घेऊन त्या मोडायच्या आणि सुटे भाग विकायचे हा धंदा अक्कलकोट रोडला उभा केला. क्लबातल्या निम्म्या जीपगाड्यांच्या पोटात माझ्या दुकानातला माल होता. तो घेताना ही मंडळी माझ्याशी तासभर घासाघीस करायची आणि निघताना रुमालाला हात पुसायची.

हा क्लब वर्षातून एकदा रात्रीची शर्यत घ्यायचा. डांबरी रस्ता वर्ज्य. गाडीवाटा, माळ, ओढे यांतून जायचं. शहराबाहेरून निघून दुधनीच्या अलीकडे एका ठिकाणाला वळसा घालायचा आणि परत यायचं. वाटेत ठरलेल्या जागी क्लबाची माणसं कंदील घेऊन बसलेली असायची, त्यांच्याकडून कागदावर शिक्का घ्यायचा. मधली वाट ज्याची त्याने शोधायची. सगळे शिक्के घेऊन जो पहिला परत येईल त्याला करंडक. मी जुने ट्रक चालवतो हे ऐकून त्यांनी मलाही बोलावलं. गंमत म्हणून बोलावलं असावं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांच्या पुढे होतो. त्या भागातून मी तुरीची आणि मिरचीची पोती वाहिली होती, प्रत्येक बांध मला माहीत होता. शेवटच्या शिक्क्यानंतर सपाट माळ लागला आणि माझ्या मागच्या काळोखातून अचानक एका जीपचे दिवे पेटले. वेळापूरकडच्या एका बागायतदाराची नवी कोरी जीप. बहुतेक वाटभर तो आपले दिवे विझवून माझ्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून आला होता. मी वाट शोधायची, मी खड्डे खायचे, आणि याने त्याच चाकोरीतून मागे मागे यायचं. माळावर त्याची हलकी जीप सुसाट निघून गेली आणि करंडक त्याच्या दिवाणखान्यात गेला.

मी क्लबाच्या चिटणिसांकडे तक्रार केली. हे चिटणीस व्यवसायाने वकील. ते हसून म्हणाले, "अहो शेठ, पुढच्याच्या मागे यायचं नाही असा नियम कुठंय? तुम्ही जरा जोरात पळवायची होतीत."

सगळे हसले. बागायतदार सगळ्यात मोठ्याने हसला. ते हसणं वर्षभर माझ्या कानात राहिलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तेच ऐकत बसायचो.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, पहिला येईन तर असा की मागच्याला माझी धूळसुद्धा दिसता कामा नये.

ट्रक लष्करी होता. एक टनाचा, चारी चाकांना जोर मिळणारा, नाकाने बोजड. पुण्याकडच्या लिलावात तो उभा होता तेव्हा त्याच्याखाली तेलाचं थारोळं होतं आणि बाकीचे व्यापारी ते बघून पुढे सरकत होते. मी वाकून बोट लावलं. तेल ताजं, इंजिनाचं, आणि गळती एका साध्या झाकणाची. मी तोंड वाकडं केलं, जोरजोरात नाक मुरडलं, आणि भंगाराच्या भावात गाडी पदरात पाडली. असा हा ट्रक मी मोडला नाही. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला आणि शेडला नवं कुलूप घातलं.

कामाला एक मिस्त्री ठेवला होता. लष्करातून निवृत्त झालेला, अक्कलकोट तालुक्यातला. कुठल्या कुठल्या डोंगरांत त्याने गाड्यांचे तांडे नेले होते. हात सोन्याचा, तोंड मात्र खवचट. चहा गार झाला तर सरळ परत पाठवायचा आणि मालकाला मालक म्हणायचा ते उपकार केल्यासारखं.

आम्ही दिवाळीनंतर लागलो. कमानी उघडून पट्टा न् पट्टा घासला, ग्रीस भरलं. चारही टायर मीच माझ्या मालातून निवडले, खोल नक्षीचे. काळ्या रानात हवा कमी करून टायर पसरट ठेवायचे असतात, म्हणून सायकलचा पंप सीटमागे बांधला. प्लगच्या वायरींवर सायकलची ट्यूब चिरून चढवली, म्हणजे पाणी उडालं तरी गाडी बंद पडू नये. दरवाजे काढून ठेवले. मागच्या हौद्यात दोन फळ्या, एक साखळी, फावडं आणि रिकामी पोती.

आणि सायलेन्सरचा पाईप वर काढला.

हा पाईप म्हणजे सगळ्या गोष्टीची मेख होती. क्लबाने काळोख हवा म्हणून शर्यतीला अमावस्या धरली होती. पंचांगात नुसती अमावस्या बघितली, कोणती ते बघितलं नाही. ती वेळ अमावस्या होती, रानातल्या पूजेचा सण. आमच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात त्या दिवशी गावंच्या गावं रानात असतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, पांडवांची पूजा करतात, आंबील-भज्जी खातात, आणि काळोख पडल्यावर पेटते पलिते घेऊन पिकाभोवती फिरून मग बैलगाड्या घराकडे लागतात. म्हणजे शर्यत सुटायच्या सुमाराला प्रत्येक गाडीवाट बैलगाड्यांनी भरलेली असणार. वेळापूरकडच्या माणसाला हे काय ठाऊक? तो गाड्यांच्या मागे भोंगा वाजवत बसणार. आणि मी वाटेला जाणारच नव्हतो. वळसंगच्या पुढे एक ओढा लागतो, कमरेला लागेल इतकं पाणी असणारा, तळ खडकाचा. त्याच्या पात्रातून सरळ गेलं की गाडीवाटांचा सगळा गुंता चुकतो. पाईपात पाणी शिरू नये, तेवढ्यासाठी तो वर.

हे मी मिस्त्रीला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, "यंदा माळाने जायचंय. धूळ फार. पाईप वर घ्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. "धुळीला पाईप वर काढत्यात व्हय?"

"सांगितलं तेवढं करा."

"करतो की. माझं काय जातंय? उद्या म्हनाल, उन्हाला नांगर लावा, तर लावतो."

ओढ्याची गोष्ट फक्त एकाला सांगावी लागली. तो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दुधनीच्या बाजाराला अडत दुकानात कामाला आणि गावाकडे थोडी शेती. शर्यतीत माझ्या शेजारी बसून नकाशा सांभाळायचा, शिक्के घ्यायचे आणि रानातल्या राखणदारांना कानडीतून वाट विचारायची हे त्याचं काम. कानडी मला समजतं, पण मी बोललो की लोक हसतात. त्याला घेतल्याशिवाय भागत नव्हतं.

आणि माझी झोप उडाली ती त्याच्यामुळेच.

शर्यतीच्या आधीचा मंगळवार. मी बाजारात एका गिऱ्हाइकाला गाठायला गेलो होतो. तिथल्या हॉटेलात बागायतदार बसला होता, पांढरे कपडे, समोर बशीत भजी. मला बघून त्याने हात वर केला.

"या शेठ, या! काय म्हणतोय रणगाडा?"

"उभा आहे."

"उभाच ऱ्हाऊ द्या. औंदा पाण्यात उतरणार म्हणं?"

मला अंगावर कुणीतरी गार पाणी ओतल्यासारखं झालं. मी हसलो. धंद्यात शिकलो होतो की आत काहीही झालं तरी चेहरा हलवायचा नाही. "पाण्यात म्हैस उतरते," म्हटलं, "आम्ही कोरडे लोक."

"मग बरं हाय," तो म्हणाला, आणि भजी माझ्याकडे सरकवली. मी घेतली नाही.

घरी येईपर्यंत मी हिशोब लावला. मिस्त्रीला माळ सांगितला होता, मेहुण्याला ओढा. बागायतदाराच्या तोंडात 'पाणी' हाच शब्द आला. म्हणजे फुटलं ते कुठून?

मेहुणा त्याच आठवड्यात मुक्कामाला होता. रात्री जेवताना मी सहज विचारलं, "पावणं, वेळापूरच्या लोकांची तूर येते का हो तुमच्या अडतीला?"

"तिकडची कशाला हिकडं येती, दाजी? त्यांची पंढरपुरालाच जाती."

"मग त्या बागायतदाराला तुम्ही ओळखत नाही."

"ओळखतो की. गेल्या वर्षी तुमच्याच शर्यतीत बघितला. एकदा स्टँडवर भेटला, चहा पाजला मला."

"चहा पाजला!"

"व्हय. पाजला तर पिऊ नये व्हय?"

"आणि काय विचारलं?"

मेहुण्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "माझ्या म्हशीचं इचारलं. किती दूध देती म्हनून. सांगितलं मी. तुमची काय हरकत?"

बायको चुलीपाशी होती. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "माझ्या भावावर पहारा ठेवायचा आन् भाकरीबी माझ्याच हातची घालायची त्याला. चांगलं हाय तुमचं."

माझी समजूत मात्र पटली नाही. ज्याला तुमच्याकडून काही घ्यायचं असतं तो आधी म्हशीचीच चौकशी करतो. मीही तसंच करत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी मी मेहुण्याला शेडमध्येच गाठला आणि बाजारातलं बोलणं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने ट्रककडे बोट केलं. "दाजी, पाईप बघा की. टपाच्या वर काढलाय. रस्त्यानं जाणाऱ्या आंधळ्याला बी कळंल की गाडी पाण्यात घालायचीय. तुमी शेडचं दार उघडं टाकून जेवायला जाता."

"दाराला कुलूप असतं."

"कुलूप असतं, पर पत्र्याला फट किती हाय बघा."

फट होती हे खरं. मी त्याच दिवशी तिथे पोती ठोकून घेतली. पण फटीतून बघणारा माणूस 'पाईप' म्हणाला असता. हा 'पाणी' म्हणाला होता. मी हे मनात ठेवलं.

मागच्या दिव्यांचं मात्र मी कुणाशीच बोललो नाही, मिस्त्री सोडून. नियम होता की तपासणीच्या वेळी मागचे लाल दिवे पेटलेले हवेत. पुढे ते पेटलेलेच ठेवले पाहिजेत असं नियमात लिहिलेलं नव्हतं. चिटणीस वकील होते, मग मीही अक्षर न् अक्षर वाचलं. मिस्त्रीला म्हटलं, "मला ड्रायव्हरच्या हाताशी एक बटण द्या. फिरवलं की मागचे लाल दिवे गेले पाहिजेत."

"हाय की. लष्करानं दिलेलं हाय ना बटण. वायरी कापून ठेवल्यात भंगारवाल्यांनी, त्या जोडाव्या लागतील."

भंगारवाला हा टोमणा मला होता. मी तो सोडून दिला. त्याने दोन दिवस गाडीखाली झोपून काम केलं. संध्याकाळी काळोख पडल्यावर मी मागच्या फळीला नाक लावून उभा राहिलो. त्याने बटण फिरवलं. लाल दिवे गेले. मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. ठार काळोख.

"झालं समाधान?" मिस्त्री आतून ओरडला.

"झालं."

"मग चहा सांगा. गरम."

शर्यतीच्या दिवशी आम्ही शहराबाहेरच्या माळावर जमलो. गाड्या रांगेत, पेट्रोल महागल्यामुळे आदल्या वर्षीपेक्षा कमी. चिटणिसांनी बॅटरीने प्रत्येक गाडीचे दिवे बघितले आणि यंदाचा एक नवा नियम वाचून दाखवला. आदल्या वर्षी एक गाडी रात्रभर रानात बंद पडली होती, मदत आणायला पाठवायला गाडीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून यंदा गाडीत दोन माणसं असलीच पाहिजेत आणि शेवटची दोरी दोघांनी मिळून ओलांडली पाहिजे. बागायतदाराबरोबर त्याचा चुलतभाऊ होता. हा चुलतभाऊ माझ्या ट्रकला एक फेरी मारून आला आणि जीपमध्ये जाऊन बसला. ती फेरी मला आवडली नाही.

आम्ही सुटलो. पहिला शिक्का घेतला आणि जोंधळ्याच्या रानात शिरल्यावर मी बटण फिरवलं. दोन्ही बाजूंना शाळू माणसाच्या वर उभा होता. दूर रानांतून पलिते फिरत होते आणि वाटांवरून बैलांच्या घुंगरांचे आवाज येत होते. माझा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला होता. मेहुण्याने एका राखणदाराला कानडीत हाक मारली, उत्तर आलं, आणि आम्ही वाट सोडून ओढ्यात उतरलो. पाणी गाडीत आमच्या पायांपर्यंत आलं. इंजिन गुरगुरत राहिलं, बंद पडलं नाही. मला इतका आनंद झाला की मी मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली.

वळसा घालून दोन शिक्के मिळाले. परतीला पुन्हा ओढा. काठावर चढून मी इंजिन बंद केलं, कारण तापलं होतं. आणि तेव्हा मागून दुसऱ्या इंजिनाचा आवाज आला. दिवे नाहीत, नुसता आवाज. ओढ्याच्या अलीकडेच, आमच्याच चाकोरीत. आम्ही थांबलो तसा तोही मंद झाला.

माझ्या डोळ्यांसमोर आदल्या वर्षीचा माळ उभा राहिला, ते हसणं, ती भज्यांची बशी. लाल दिवे बंद होते. बटण मी पुन्हा चाचपलं. तरी हा माणूस ओढ्यात? काळोखात, दिव्याशिवाय, त्या वाटेने जी मी जगात एकाच माणसाला सांगितली होती?

"पावणं," मी म्हटलं, "किती दिले त्याने?"

"कुणी?"

"ज्याच्या चहाने तुमची जीभ सैल झाली त्याने."

 मेहुण्याने मांडीवरचा नकाशा घडी करून सीटवर ठेवला, शिक्क्यांचा कागद त्यावर ठेवला, आणि खाली उतरला. "माझं गाव हितनं जवळ हाय," तो म्हणाला. "मी जातो चालत."

तो मागच्या बाजूला चालत गेला. त्याची पावलं थोडी लांब गेली आणि थांबली. मग हाक आली.

"दाजी! हिकडं या!"

"नाटकं नकोत."

"अहो या की! आज अमावस्या ना? मग गाडीखाली चंद्र कुनी बांधलाय?"

मी उतरून त्याच्यापाशी गेलो, वळलो आणि बघितलं. ट्रकच्या पोटाखाली, मागच्या आसाच्या मधोमध जो मोठा लोखंडी गोळा असतो, तो पांढऱ्या रंगाने रंगवलेला होता. त्याच्या वर एक बोटभर दिवा होता, पत्र्याच्या टोपीआड लपवलेला, फक्त त्या गोळ्यावर उजेड पाडणारा. फळीला नाक लावून उभं राहिलं तर यातलं काही दिसत नाही. पण लांबून, जीपच्या सीटवरून, एक पांढरी ताटली अधांतरी पुढे पुढे चाललेली दिसत असणार. रात्रभर मी त्या बागायतदाराला ताटली दाखवत नेत होतो.

मी आडवा झालो, हात घातला आणि वायर ओढून तोडली. काळोख झाला. मागे इंजिनाचा आवाज जरा गोंधळल्यासारखा वाटला.

"बसा लवकर," मी मेहुण्याला म्हटलं. "आता तो आंधळा झाला."

तो बसला नाही. "आदी म्हना."

"काय?"

"की पावणं, तुमी सांगितलं न्हाई."

"गाडीत बसा, मग बोलू."

"गाडीत न्हाई. हितं म्हना."

मी उभा राहून विचार केला. दिव्यामुळे तो मागे आला हे कळलं. पण बाजारात त्याच्या तोंडात पाणी कुठून आलं हे दिव्याने कळत नव्हतं. पाईप बघून आलं असेल. नसेलही. जी गोष्ट मला ठाऊक नाही ती ठाऊक आहे असं मी कसं म्हणू? धंद्यात मी न बघितलेल्या मालाची हमी कधी दिलेली नाही.

"पावणं, तुमच्यावरचा संशय फिटला असं समजा."

"समजा न्हाई. म्हना."

"करंडक मिळाला की चारचौघांत म्हणतो."

"मिळाल्यावर म्हनाल ते करंडकाचं म्हननं. माझं न्हाई."

"नवं घड्याळ घेऊन देतो."

"दाजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला, "मी काय लिलावातली गाडी हाय व्हय? एक वाक्य मागतोय. तोंडातनं काढायचं, पैसा लागत न्हाई त्याला."

मागचं इंजिन पुन्हा जवळ येऊ लागलं होतं. माझं डोकं फिरलं. "मग राहा उभे," मी ओरडलो आणि ट्रकमध्ये चढून गाडी काढली.

त्या रात्रीसारखी गाडी मी पुन्हा कधी चालवली नाही. नकाशा सीटवर नाचत होता, शिक्क्यांचा कागद मी दातांत धरला होता. मागे काळोख आणि शांतता. शेवटच्या कंदिलापाशी शिक्का मारणारा पेंगत होता, त्याने शेजारच्या सीटकडे बघितलंसुद्धा नाही. माळावर मागे कुणी नव्हतं. मी पहिला आलो. बराच आधी आलो. दोरी ओलांडताना मी भोंगा दाबून धरला.

चिटणीस कागद बघून म्हणाले, "वा शेठ! आणि तुमचे जोडीदार?"

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. "आत्ता अलीकडे उतरलेत. पोट बिघडलंय. येतील."

"येऊ देत. त्यांची सही लागेल."

मी बोनेटला टेकून उभा राहिलो. पूर्वेला जरा फिकं व्हायला लागलं तेव्हा जीप आली, सगळे दिवे लावून, चिखलाने माखलेली. दोरीच्या बऱ्याच अलीकडे ती थांबली. मागच्या बाजूने मेहुणा उतरला. मग जीपने आपली दोन माणसं घेऊन दोरी ओलांडली आणि मेहुणा तिच्या मागून चालत आला. बागायतदार माझ्याकडे न बघता चिटणिसांना म्हणाला, "रानात एकटाच उभा होता बिचारा. टाकून कसं यायचं?"

चिटणिसांनी मेहुण्याला विचारलं, "तुम्ही शेठच्या ट्रकमध्ये होतात ना? दोरीपर्यंत?"

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. काय मागतोय ते मला कळत होतं आणि अजून वेळ होती. तिथे उभ्या उभ्या ते वाक्य म्हटलं असतं तर त्याने मान हलवली असती, मला खात्री आहे. पण तो उतरला होता त्याच जीपमधून. त्याच माणसाच्या शेजारी बसून आला होता. आणि मी सगळ्यांसमोर म्हणायचं की याने काही सांगितलं नाही?

मी ट्रकच्या चाकाकडे बघितलं.

"न्हाई साहेब," मेहुणा म्हणाला. "मी ओढ्यापाशी उतरलो."

करंडक पुन्हा त्याच दिवाणखान्यात गेला.

मी घरी न जाता शेडवर गेलो आणि मिस्त्रीची वाट बघत बसलो. तो आला तसा मी त्याला गाडीखाली बोट करून विचारलं, हे कुणी सांगितलं होतं करायला.

"सांगाया कशाला पायजे?" तो म्हणाला. "हे गाडीचंच हाय. लाल दिवे गेले की हा लागतो. मागच्या गाडीला अंतर कळाया पायजे. आमी डोंगरात रांगेनं गाड्या नेल्या, दिवे न लावता, निस्त्या या ताटलीवर. जवळ आलं तर मोठी दिसती, लांब गेलं की बारीक. हा न्हाई लागला तर हवालदार गाडी हलवू देत नव्हता."

"मला मागे काळोख पाहिजे होता!"

"आन् मागनं येऊन कोन आदळला असता म्हंजे? बिनदिव्याची गाडी माझ्या हातनं बाहीर जात न्हाई."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी काढाया लावला असता की," तो म्हणाला आणि कप उचलून चहा गरम आहे का ते बघितलं.

उत्तर बिनतोड होतं. इतकं बिनतोड की मला त्याचाही संशय आला. मिस्त्री पुढे बरीच वर्षं माझ्याकडे होता. पण त्या दिवसापासून दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीखाली मी स्वतः आडवा होऊन बघत आलो, कपडे कितीही चांगले असोत.

शर्यतीत मी पुन्हा गेलो नाही. ट्रक त्याच उन्हाळ्यात एका विहिरी खोदणाऱ्याला दिला, चांगल्या बोलीवर.

मेहुणा घरी येतो. दिवाळीत येतो, बहिणीची ओवाळणी घालतो, मला दाजी म्हणतो, वाकून नमस्कार करतो. माझ्या बायकोच्या हातची भाकरी पोटभर खातो. फक्त मी गाडी काढली की त्याला काहीतरी काम आठवतं आणि तो एस.टी.ने जातो. बायको दरवर्षी एकदा तरी म्हणते, "एवढं एक म्हना की त्याला." तिलाही मी तेच सांगतो. वाक्य माझ्यापाशी तयार आहे. त्या हॉटेलात त्या माणसाच्या तोंडात पाणी कुठून आलं एवढं मला कुणीतरी दाखवून द्यावं, त्याच दिवशी मी एस.टी. स्टँडवर जाऊन चारचौघांत म्हणेन. पण तोपर्यंत नाही. माल बघितल्याशिवाय मी आजवर कुणाला काही दिलेलं नाही, आणि मेहुण्यालाही ते माहीत आहे.